जीमिररवर स्वॅप आणि क्रॅश डंप: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतर

दोन एसएसडी, डेटासाठी झेडएफएस (फाइल सिस्टिम) मिरर आणि स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी, वेगळा जीमिरर (दोन्ही डिस्कवर एकच डेटा लिहिणारी सोय). इन्स्टॉलरमध्ये 'मिरर स्वॅप' चालू केलं की फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं आपणच मांडून देते. धरमपेठेतल्या एका छोट्या ऑफिसचा सर्व्हर यावर चालतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर, लाईटचा भरवसा नाही आणि त्यातच एक एसएसडी गेली. सर्व्हर मात्र हलला नाही. त्याला पैकीच्या पैकी गुण.

उन्हाळ्याआधी मत वेगळं होतं. स्वॅपला कशाला मिरर, दोन्ही डिस्कवर सुटी ठेवली की जागा दुप्पट मिळते. आता तसं सांगणार नाही. सुट्या स्वॅपची डिस्क मेली की तिच्यावरची पानं (मेमरीचे तुकडे) परत वाचता येत नाहीत, 'पेजिन फेल्ड' येतं आणि ज्या प्रोसेसची ती पानं असतील ती मरते. काही जीबींसाठी एवढा धोका परवडत नाही.

माझी खरी तक्रार डंपबद्दल आहे, म्हणजे क्रॅश होताना स्वॅपच्या जागेत लिहून ठेवलेल्या मेमरीच्या नकलेबद्दल. स्वॅप दोन्ही डिस्कवर लिहिली जाते, डंप मात्र एकाच डिस्कवर पडतो: जिची प्रायॉरिटी सर्वात मोठी, तिच्यावर. 'लेबल' कमांडने मिरर बनवताना पहिल्या डिस्कला ० मिळतो, दुसरीला १, म्हणजे शेवटी लिहिलेली डिस्क वरचढ. 'जीमिरर लिस्ट'मध्ये हे आकडे दिसतात, ते आजच बघून ठेवा. बूट झाल्यावर सेव्हकोअर (डंप उचलून फाइलमध्ये ठेवणारा प्रोग्राम) मिररमधून वाचतो आणि डीफॉल्ट बॅलन्स (वाचन डिस्कवर वाटायची पद्धत) 'लोड' असल्याने वाचन कुठल्याही डिस्ककडे जाऊ शकतं. मग डंप असूनही सापडत नाही. उपाय फुकटचा आहे: 'जीमिरर कॉन्फिगर -बी प्रिफर स्वॅप', म्हणजे वाचन सर्वात मोठ्या प्रायॉरिटीच्या डिस्कवरूनच होतं. स्वॅपच्या मिररला तो कायमचा ठेवला तरी चालतं.

डिस्क बदलताना सगळ्यात जास्त घोळ होतो. डंप कुठे टाकायचा हे 'डंपऑन' (डंपची जागा नेमणारा प्रोग्राम) चालतो त्याच क्षणी ठरतं. नवी डिस्क वरच्या प्रायॉरिटीने आत घेतली आणि डंपऑन पुन्हा चालवला नाही, तर पुढच्या बूटला वाचन नव्या डिस्कवरून होतं आणि तिथे काहीच नसतं. म्हणून आधी 'फॉरगेट' (गेलेली डिस्क मिररमधून काढणं), मग 'इन्सर्ट -पी १' (नवी डिस्क प्रायॉरिटी १ने आत घेणं), सिंक (नव्या डिस्कवर नक्कल) पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतर डंपऑन. सिंक चालू असताना क्रॅश झाला तर डंप हातचा गेला असंच समजा.

लाईट जाणाऱ्या गावात 'जीमिरर कॉन्फिगर'ला कॅपिटल एफचा (-F) पर्यायही लावा, म्हणजे अचानक बंद पडल्यावर स्वॅपचं सिंक होत नाही. बूटनंतर जुनी स्वॅप कोणाच्याच कामाची नसते, तिच्यासाठी एसएसडी का झिजवायची?

साईजकडेही बघा. इन्स्टॉलर डीफॉल्ट २ जीबी देतो. मिनीडंपमध्ये (नेहमीच्या छोट्या डंपमध्ये) फक्त कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, पानं जातात, तरी रॅम भरपूर असेल तर 'पार्टिशन टू स्मॉल' म्हणून डंप अडतो. मी ८ जीबी देतो.

शेवटी रात्री ऑफिस रिकामं असताना 'सिस्कटल डीबग.केडीबी.पॅनिक=१' देऊन मुद्दाम पाडून बघा. मशीन वर आल्यावर /व्हार/क्रॅशमध्ये व्हीएमकोअर.० ही डंपची फाइल दिसली पाहिजे. प्रत्येक डिस्क बदलल्यावर हे पुन्हा करा.