आयएल-२ १९४६: अ‍ॅव्हेंजरचा सातबारा दुसऱ्याच्याच नावावर

आमचे अण्णा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात फिटर होते. मिग-२१ त्यांनी हाताने जोडलेलं. त्यामुळे घरात विमानाबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच, मग ते विमान स्क्रीनवरचं का असेना. मी नाशिकरोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. रात्री शटर ओढल्यावर तासभर जॉयस्टिक हातात घेतो. बायको याला 'रिकामटेकडेपणा' म्हणते. वीस वर्षांत तिने शब्द बदललेला नाही, मीही सवय बदललेली नाही.

आजचा रिव्ह्यू 'आयएल-२ स्टुर्मोविक: १९४६'चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवायच्या कॉम्प्युटर खेळाचा. २००६ सालचा खेळ आहे, आत्ता कशाला, असं विचाराल. त्याचं कारण मागच्या वर्षी हात पोळले तेव्हाचं आहे. एका आधुनिक कॉम्बॅट सिमसाठी (सिम म्हणजे खऱ्यासारखं विमान उडवायचा खेळ) मी एक जेट विकत घेतलं होतं. सिम एकाचं, जेट बनवणारी टीम वेगळी. साडेचार हजार रुपये मोजले, दोन महिने मॅन्युअल वाचलं, रडारची बटणं पाठ केली. मग त्या दोघांचं पैशांवरून वाजलं आणि दुरुस्त्या थांबल्या. सिमचा पुढचा अपडेट आला आणि माझं रडार मुकं झालं. पैसे परत मागितले तर सिमचं दुकान म्हणतं टीमला विचारा, टीम म्हणते दुकानाला विचारा. नावं घेत नाही, मला भांडण वाढवायचं नाही. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना? इथे तिसरा मीच होतो, लाभ काही दिसला नाही.

त्या वैतागात जीओजी या ऑनलाइन दुकानातून हा जुना खेळ घेतला, सेलमध्ये, साधारण एका चांगल्या मिसळीच्या भावात. एवढ्या पैशांत २००१चा मूळ आयएल-२, 'फॉरगॉटन बॅटल्स', 'पॅसिफिक फायटर्स', 'पेश्का', सगळं एकाच डब्यात येतं. उडवता येतील अशी विमानं दोनशेच्या वर. सुरू करायला इंटरनेट लागत नाही की कुठल्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. एका फोल्डरमध्ये सगळा संसार. फोल्डर कॉपी केला की दुसरा संसार तयार.

पण बसवताना घाम काढतो, हे आधीच सांगतो. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकू नका. विंडोज तिथे सेटिंग नीट लिहू देत नाही, आणि तुम्ही बदल केलात तरी खेळ जुनंच दाखवत बसतो. मी थेट डी ड्राइव्हवर टाकला. मग नोटपॅडमध्ये 'कॉन्फ.आयएनआय' फाइल उघडायची. विंडोवाल्या भागात रुंदी १९२०, उंची १०८० लिहायची, आणि 'सेव्हअ‍ॅस्पेक्ट'पुढचा १ खोडून ० करायचा. हा १ तसाच राहिला तर चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी आणि बाजूला काळ्या पट्ट्या. माझे दोन दिवस या एका आकड्यात गेले. भाच्याने येऊन पाच मिनिटांत सोडवलं. वर म्हणाला, "मामा, मोटरची वायरिंग डोळे झाकून करता आणि इथे एक आकडा दिसला नाही?"

दुसरा घोळ ग्राफिक्सचा. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतात आणि हा म्हातारा खेळ हमखास दुबळं कार्ड पकडतो. सेटअपमध्ये चित्रासाठी 'ओपनजीएल' हा पर्याय निवडा, विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये खेळाची एक्झी फाइल चांगल्या कार्डाला बांधा. मग जमीन 'परफेक्ट'वर ठेवता येते आणि पाणी खरं पाणी दिसतं. मशीनच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर, म्हणजे काम करणारे भाग, असोत की सोळा, बहुतेक ओझं एकाच कोअरवर पडतं. तीस-चाळीस बॉम्बर एकदम आकाशात आले की नवं मशीनही अडखळतं. दोष खेळाचा नाही, त्याच्या जन्माच्या वेळी घरात कोअर एकच असायचा.

जॉयस्टिकच्या सेटिंगच्या पडद्यावर मात्र खरा वेळ द्या. प्रत्येक अक्षाला दहा घसरपट्ट्या आहेत. सुरुवातीच्या खाली ठेवल्या की काठी मधोमध हळुवार चालते आणि टोकाला जोर करते. जर्मन मेसरश्मिटला एक सेटिंग मानवतं, तर रशियन आय-१६ त्याच सेटिंगवर गिरकी घेऊन शेतात जातं.

आता मुख्य गोष्ट. 'पॅसिफिक फायटर्स' २००४ला आलं. प्रशांत महासागर आहे, विमानवाहू जहाजं आहेत, वाइल्डकॅट आणि हेलकॅट ही लढाऊ विमानं उडवता येतात, डाइव्ह बॉम्बिंगला डॉन्टलेसही आहे. ग्रुमनचं अ‍ॅव्हेंजर हे टॉर्पेडोवालं विमान मात्र फक्त बघायचं. ते समोरून उडत जातं, त्याच्या कॉकपिटमध्ये आपल्याला बसता येत नाही. ग्रुमन १९९४ला नॉर्थ्रॉपमध्ये मिसळली. त्या नॉर्थ्रॉप ग्रुमनने आपल्या विमानांच्या आणि जहाजांच्या नावा-रूपावर हक्क सांगितला. जहाजांचं काय, असं वाटेल. पण यॉर्कटाउन आणि एंटरप्राइझ ही जहाजं बांधणारा न्यूपोर्ट न्यूजचा कारखानाही तेव्हा याच कंपनीकडे होता. प्रकाशक युबिसॉफ्टला तडजोड करावी लागली आणि या कंपनीच्या वस्तू नव्याने घालायचा रस्ताच बंद झाला. ओलेग मॅडॉक्सच्या टीमने रशियात बसून बनवलेल्या खेळाला, साठ वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गेलेल्या विमानांपायी अमेरिकेतल्या वकिलांनी खीळ घातली.

हे मी अण्णांना रागारागाने सांगितलं. वाटलं, ते माझ्या बाजूने बोलतील. चहा ओतता ओतता म्हणाले, "लायसन्स म्हणजे लायसन्स. आम्हीही रशियनांच्या ड्रॉइंगवरच काम करायचो ना? ड्रॉइंग ज्याचं, विमान त्याचं."

"अण्णा, पण तुम्ही खरं विमान बनवत होता. हे चित्र आहे."

"मग चित्राला एवढे पैसे कशाला देतोस?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईची मोहीम खेळायला बसलं की भोक दिसतंच. ४ जून १९४२ला मिडवे बेटावरून सहा अ‍ॅव्हेंजर निघाली, पाच पडली, एकच चाळण होऊन परत आलं. त्या एकात बसावं, असं कुठल्याही सिमवाल्याला वाटणार. सरकारी सातबारा बघावा तसा मी विमानांच्या यादीत ते नाव शोधत होतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. २००७मध्ये बाहेरच्या लोकांनी खेळाच्या बंद फाइलींचं कुलूप काढलं. आधी नवे आवाज आले, मग विमानं, मग अख्खे नकाशे. लगेच भांडणं: ऑनलाइन सर्व्हरवर कुणी बंदुका वाढवून आला तर? मॉडवाले (असे बाहेरचे बदल वापरणारे) आणि 'स्वच्छ'वाले (मूळ खेळच खेळणारे) अशा दोन आळ्या पडल्या. त्याच गडबडीत टीम डायडॅलोस नावाचे हौशी लोक आवृत्ती ४.०९पासून अधिकृत पॅच, म्हणजे खेळातल्या दुरुस्त्या, काढायला लागले, तेही फुकट. पगार नसलेल्या माणसांनी इतकी वर्षं खेळ जिवंत ठेवला, याचं मला फार अप्रूप आहे. मॉडवाल्यांनी अ‍ॅव्हेंजरचं कॉकपिटही उघडलं. पण मोठा मॉडपॅक, म्हणजे मॉडचा गठ्ठा, नेमका ४.१२.२वरच बसतो. एक पॅच पुढे गेलात की लोडिंग अर्ध्यावर थिजतं आणि कारण कुणी सांगत नाही. म्हणून माझ्याकडे खेळाच्या तीन प्रती: एक कोरी, एक मॉडची, एक प्रयोगाची. प्रयोगाची आत्तापर्यंत चारदा मेली.

कुणासाठी नाही? ज्यांना स्क्रीनवर बोट टेकवून बटणं दाबायची आहेत त्यांच्यासाठी नाही. इथे कॉकपिटमध्ये माउस चालत नाही, सगळं कीबोर्डवर. चेहरे मेणाचे, झाडं पुठ्ठ्याची. रेडिओवरचे मित्र नको तेव्हा बोलतात आणि हवे तेव्हा गप्प. माझे पाचापैकी चार तारे. अर्धा चेहऱ्यांसाठी कापला, अर्धा त्या वकिलांसाठी.

काल रात्री वाइल्डकॅट घेऊन जहाजावरून निघालो. या विमानाची चाकं हाताने फिरवून वर घ्यावी लागतात, खऱ्यात जवळपास ३० फेरे. खेळातही एकच बटण पुन्हा पुन्हा दाबायचं. अण्णा मागे खुर्चीत बसून मोजत होते. अठराव्याला म्हणाले, "थांब. इंजिन तापलंय, आधी रेडिएटर बघ." मी सांगितलं, याचं इंजिन एअर-कूल्ड आहे, रेडिएटर नाही, काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, झडपा असतात. पाच सेकंद शांतता. मग म्हणाले, "बरं, मग झडपा उघड. आणि मोज परत पहिल्यापासून, तुझ्या बडबडीत मी विसरलो."