ओळीने चालू होणारा साउंडचा बोर्ड: टायमर लावावा की आर्डुइनो?

मिक्सर आधी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना बरोबर उलटं. नाहीतर स्पीकरमधून मोठा दणका येतो. हा क्रम आपोआप पाळणारा बोर्ड बांधायचा तर दोन वाटा आहेत: इलेक्ट्रिक पॅनेलवाले वापरतात ते ऑन-डिले टायमर (ठरावीक सेकंदांनी चालू करणारे) आणि काँटॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा दणकट स्विच), नाहीतर आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि रिले मॉड्यूल (त्याच्या इशाऱ्यावर चालणारे छोटे स्विच). मी दोन्ही बांधले, नागपूरच्या महाल भागातल्या मंडळांच्या कार्यक्रमांना वापरले.

आर्डुइनोचा खर्च कमी आणि उलटा क्रम चार ओळींच्या प्रोग्रामात बसतो. टायमरचं तसं नाही. स्विच बंद केला की सगळे काँटॅक्टर एकदम सुटतात, म्हणून मिक्सरच्या सॉकेटला वेगळा ऑफ-डिले टायमर (उशिराने बंद करणारा) लावावा लागतो. वायरिंग वाढतं, डबाही मोठा होतो.

तरीही माझं मन टायमरकडे झुकलं, ते एका गोष्टीमुळे. रिलेवर 10 अँपिअर छापलेलं असतं, पण टोरॉइड (गोल कड्यासारख्या) ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प चालू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि काँटॅक्ट चिकटतात. म्हणून रिलेने काँटॅक्टर ओढायचा आणि अ‍ॅम्प काँटॅक्टरवर चालवायचा. आता बंद करताना पहिल्या काँटॅक्टरची कॉइल सुटली की तिच्या झटक्याने आर्डुइनो मध्येच रीसेट होतो. सगळे रिले एकदम सुटतात, मिक्सरही जातो. अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्ये अजून चार्ज असतोच, त्यामुळे स्पीकरमधून तो दणका येतो. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकं तेच! कॉइलवर 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) लावला, आर्डुइनोचा सप्लाय वेगळा केला. त्रास बराच कमी झाला, पण भर कार्यक्रमात मन निर्धास्त राहत नाही. कदाचित तुमच्या वायरिंगमध्ये हा त्रास होणारही नाही.

शिवाय लाइन जाऊन छोट्या जनरेटरवर आलं की दोन अ‍ॅम्पमधलं अंतर तीनवरून सहा सेकंदांवर न्यावंसं वाटतं. टायमरचा नॉब पेचकसाने फिरवला की काम झालं. आर्डुइनोला वेगळे नॉब जोडले नसतील तर मांडवात लॅपटॉप उघडा.

घरच्या छोट्या स्टुडिओला, जिथे काँटॅक्टरची गरजच नाही, तिथे आर्डुइनो खुशाल लावा. मंडळासाठी बांधत असाल तर मी टायमरच सुचवेन. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) टायमर आणि काँटॅक्टर घेताना कॉइल 230 व्होल्टची आहे ना आणि ऑफ-डिले टायमर कंट्रोल काँटॅक्टवर (सप्लाय चालू ठेवून वेगळ्या स्विचच्या इशाऱ्यावर) चालतो ना, एवढं दुकानातच बघून घ्या.