झेब्राफिशच्या मेंदूचा मॉडेल-संच: डावं-उजवं समजावण्यासाठी उत्तम, पण एक खूण राहून गेली

प्राणिशास्त्र शिकवताना दरवर्षी मी एकाच जागी अडते. मेंदूच्या दोन बाजू वेगळ्या कशा घडतात, हे फळ्यावर काढून मुलांच्या गळी उतरत नाही. म्हणून झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशाच्या भ्रूणाच्या मेंदूचा हा पाच मॉडेलांचा संच मागवला. पारदर्शक रेझिनची, मुठीत मावतील अशी मॉडेलं आहेत.

पहिलं २४ तासांच्या भ्रूणाचं. सगळं सारखं, मधोमध पिनियल ही मेंदूच्या माथ्यावरची छोटी ग्रंथी आणि तिच्या पुढच्या कडेला केशरी ठिपक्यांचा पुंजका, म्हणजे पॅरापिनियल पेशी. दुसऱ्यात हा पुंजका डावीकडे सरकायला लागतो, तिसऱ्यात डाव्या हॅबेन्युलाला जाऊन चिकटतो (हॅबेन्युला म्हणजे मधोमधच्या दोन्ही बाजूंना एकेक असलेला चेतापेशींचा छोटा गट). चौथं चार दिवसांच्या पिल्लाचं. ते उजेडासमोर धरलं, की डाव्या हॅबेन्युलातलं तंतूंचं जाळं उजव्यापेक्षा दाट दिसतं.

पैसे वसूल झाले ते पाचव्यात. नोडल हा रेणू एरवी मेंदूच्या डाव्या बाजूलाच काम करतो. तो नसेल तर मेंदू दोन्हीकडे सारखा राहील ना, असं वर्गात विचारलं. सगळे ‘हो’ म्हणाले. मग हे मॉडेल हातात दिलं: पॅरापिनियल चक्क उजवीकडे! एरवी सुमारे ९५ टक्के भ्रूणांत ती डावीकडे जाते. नोडल नसलं तरी ती सरकतेच, फक्त निम्म्यांत डावीकडे, निम्म्यांत उजवीकडे. बाजू वेगळ्या होणं आणि कुठली बाजू कशी होणार हे ठरणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना त्या क्षणी कळलं.

आता तक्रार. पाठ कुठली, पोट कुठलं, याची खूणच नाही. मॉडेल पालथं धरलं की डाव्याचं उजवं होतं, आणि या विषयात तेवढ्यानं सगळंच चुकतं. माझ्या दोन गटांची उत्तरं तशीच चुकली. शेवटी प्रत्येकाच्या पाठीवर, नाकाच्या टोकाशी, नेलपॉलिशचा ठिपका दिला.

सोबतची पुस्तिका मात्र मुलांना देऊ नका. हृदय डावीकडे नेणारी यंत्रणाच माणसाची भाषा डाव्या मेंदूत नेते, असं त्यात छापलंय. शरीरातले अवयव उलट बाजूला असलेल्या माणसांतही भाषा बहुधा डावीकडेच सापडते. शिवाय कोंबडीच्या पिल्लाचा उल्लेखही नाही. अंड्यात त्याचा उजवा डोळा कवचाकडे असतो आणि डावा अंगाशी दबलेला, त्यामुळे उबवणीच्या शेवटच्या दिवसांतला उजेड उजव्यालाच मिळतो. त्यानं मेंदूच्या दोन बाजूंच्या कामात फरक पडतो, हे संशोधक लेस्ली रॉजर्स यांनी १९८२ साली दाखवलं. त्या अंड्याचं सहावं मॉडेल काढलं, तर मी नक्की घेईन.