ऐरोलीची फ्लेमिंगो सफर आणि बारा वाजताची बोट

गेल्या फेब्रुवारीत मावशी आणि काका अंबाजोगाईहून पहिल्यांदाच आमच्याकडे ऐरोलीला राहायला आले. मावशीची एकच मागणी होती, "तुमच्या खाडीतले ते गुलाबी पक्षी मला जवळून बघायचेत." ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तर आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तिथून बोट सुटते हे ऐकून होते, पण आम्ही स्वतः कधी गेलो नव्हतो. पाहुणे आले की मगच आपण आपलं गाव बघतो.

बुकिंगसाठी मोबाईलवर शोधलं, तेव्हा नकाशावर केंद्राच्या नावाशी मिळतीजुळती आणखी एक नोंद दिसली. त्यात रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) सुंदर फोटो, चांगले अभिप्राय आणि 'बोट बुकिंग' म्हणून एक मोबाईल नंबर. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर. प्रोफाईलला राजमुद्रेचं चित्र. मग फोन आला. माणूस अतिशय अदबीने बोलत होता, "मॅडम, रोज सकाळी अकरा, दुपारी बारा आणि एक अशा तीन फेऱ्या आहेत. तुम्हाला कोणती सोयीची?" मी बारा सांगितले, म्हणजे मावशीची पूजा, जेवण सगळं आवरून निघता येईल. आठ जणांचे 3,600 रुपये यूपीआयने भरले. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर ज्याला पैसे जाणार त्याचं नाव येतं. तिथे कुठल्याशा एंटरप्रायझेसचं नाव होतं. मी ते वाचलं होतं, आणि 'ठेकेदार असेल' असं मनाशी म्हणून पिन टाकला. दहा मिनिटांत तिकिटाची पीडीएफ आली, त्यावर शिक्का आणि बारकोडसुद्धा.

ठरल्या दिवशी साडेअकराला आम्ही सगळे केंद्राच्या खिडकीपाशी उभे. तिथल्या ताईंनी तिकीट बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "हे आमचं नाही. आणि आज बाराला बोट जाणारच नाही."

मी तिथूनच त्या नंबरवर फोन लावला. लाज वाटण्याइतका तो नम्र. म्हणाला, "हो मॅडम, पाणी कमी असल्याने फेरी रद्द झालीय. रिफंड लगेच देतो. क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा, 3,600 दिसतील, पिन टाका की जमा." मुलं दंगा करत होती, मावशी उन्हात उभी होती, मला ते प्रकरण लवकर संपवायचं होतं. मी स्कॅन केलं, पिन टाकला, आणि आणखी 3,600 गेले. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं. बँकेचे मेसेज वाचलेत, घरच्यांना समजावलंय. तरी त्या क्षणी ते डोक्यात आलं नाही. त्याने तिसऱ्यांदा क्यूआर पाठवला, "सर्व्हर एरर आहे, एकदम 7,200 परत येतील" म्हणून. तेव्हा काकांनी हातातून फोन काढून घेतला.

पहिला पैसा गेल्याचं कळल्यापासून अर्ध्या तासात 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर लावला, हे मात्र बरं झालं. त्यांनी विचारलं ते आधीच हाताशी ठेवा: व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, आपली बँक, समोरच्याचा यूपीआय आयडी. तक्रार cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवरही नोंदवली. पुढे कळलं की दुसऱ्या वेळचे 3,600 समोरच्या खात्यात रोखले गेले. पहिले मात्र आदल्या दिवशीच पुढे सरकले होते. रोखलेली रक्कम अजून माझ्या हातात आलेली नाही.

फोनवर तक्रार चालू होती तेव्हा जवळच दिवा गावातले एक कोळी काका जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आज अष्टमी हाय ना ताई? बाराला खारीन पानी नसतंय, नुसता चिखल. बोट कुठनं जाणार?" मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, ती भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि बरोबर मध्ये, बाराला, पूर्ण ओहोटी. त्यातून अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, उधाणासारखं पाणी चढतच नाही. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून खऱ्या सफरीच्या वेळा रोज बदलतात. बारा महिने 'अकरा, बारा, एक' सांगणारा माणूस या खाडीवर कधी उभाच राहिलेला नसणार.

मला हे आधी माहीत असतं तर फोनवरच एक प्रश्न विचारला असता: "उद्या भरती किती वाजता आहे?" तुम्हीही विचारा. केंद्रावर बसणारा माणूस लगेच सांगेल. खोटा माणूस 'मॅडम, टेन्शन घेऊ नका' म्हणेल. आणि ऐरोलीत राहत असाल, किंवा ठाणे-मुलुंडहून पूल ओलांडून येणार असाल, तर आदल्या दिवशी खिडकीवरच जाऊन या. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते जमत नाही, म्हणूनच हे लोक त्यांना गाठतात.

कोळी काकांनीच आणखी एक सांगितलं. ओहोटीला पक्षी चिखलात दूरवर पसरून चरतात, पाणी चढायला लागलं की काठच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. त्यांच्या सांगण्यावरून संध्याकाळी पाच वाजता आम्ही नेरुळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बाजूला गेलो. तिकीट नाही, बोट नाही. सव्वापाचनंतर थवे उतरू लागले. मावशी चष्मा पुसून पुसून बघत होती आणि कुणाशीच बोलत नव्हती.

नकाशावरच्या त्या नोंदीची मी तक्रार केली होती, आठवड्याने ती गेलीही. परवा पुन्हा शोधून बघितलं. फोटो तेच, 'अकरा, बारा, एक' त्याच वेळा, फक्त मोबाईल नंबर नवा आहे.