केमिकल कंपनीतली समर इंटर्नशिप : सहा महिन्यांनंतर सांगते

इंटर्नशिप संपून सहा महिने झाले. मुद्दामच थांबले होते, कारण लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक तरी झालं असतं नाहीतर नुसती तक्रार. मी एमएस्सी केमिस्ट्रीला आहे, दोन महिने क्यूसी लॅबला (मालाचा दर्जा तपासणारी लॅब) होते, कंपनीचं नाव लिहीत नाही.

पहिला आठवडा सेफ्टी ट्रेनिंग आणि एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) वाचून सह्या करण्यात गेला. कंटाळा आला, पण एसडीएस (केमिकलच्या धोक्यांची माहिती देणाऱ्या शीट) तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या, सोळाच्या सोळा सेक्शन, आणि कळलं की ज्या पातळ नायट्राइल ग्लोव्ह्जच्या भरवशावर आम्ही कॉलेजात डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट हाताळायचो त्यातून ते काही मिनिटांतच आरपार येतं. हे आधी कोणी सांगितलंच नाही याचा मला अजून राग येतो.

पण खरं शिकले ते कार्ल फिशरवर. सॅम्पलमधलं पाणी मोजायची ही पद्धत १९३५ सालची, आजही रोज वापरतात. आयोडीनचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूमागे खर्च होतो, म्हणजे आयोडीन किती लागलं त्यावरून पाणी निघतं. तिसऱ्या आठवड्यात एक पावडर माझ्याकडे आली, पाण्याचं लिमिट ०.५ टक्के, मला आलं ०.७२. परत केलं तर ०.८१! बॅच होल्डवर गेली आणि माझे हातपाय गार पडले. लॅबच्या मॅडमनी येऊन एवढंच विचारलं, "बाटलीचं झाकण किती वेळ उघडं होतं?" मी वजन करताना बाटली बॅलन्सशेजारी तशीच उघडी ठेवली होती, पावडर पाणी ओढणारी, त्यात हवा दमट, म्हणून दुसरं रीडिंग पहिल्यापेक्षा जास्त. सीलबंद सॅम्पल मागवून त्यांच्यासमोर केलं तेव्हा ०.३१ आलं.

मी विचारलं, मॅडम आधीची दोन खोडू का? त्या म्हणाल्या, "आलंय ना ते? मग राहणार. का आलं ते खाली लिही." त्या दहा मिनिटांच्या टेस्टचं कारण लिहायला, फॉर्म भरायला अख्खी दुपार गेली. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख, व्हाइटनर लॅबमध्ये आणायचाच नाही. आणि कॉलेजात आपण काय करतो, तर रीडिंग बसवतो. तीन टायट्रेशन जुळली नाहीत की तिसरं "जुळवून" लिहायचं, मीही लिहिलंय, सगळेच लिहितात आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. मला आता वाटतं. माझ्या त्या ०.७२ वर कोणीतरी बॅच थांबवली, त्याऐवजी मी ०.४५ बसवून लिहिलं असतं तर उघड्या बाटलीचं कारण कधीच सापडलं नसतं.

न आवडलेलं पण सांगते. एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) पाच आठवडे हातच लावू दिला नाही, मोबाइल फेज (त्यातून वाहणारं द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, डीगॅस करा म्हणजे त्यातली हवा काढा, ग्लासवेअर धुवा, बस. कॉलम (मशीनमधली घटक वेगळे करणारी नळी) महाग असतो हे मान्य, बफरनंतर (क्षार असलेलं द्रावण) पाण्याने न धुता थेट जास्त ॲसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट सोडलं तर क्षार आत बसतात हेही मान्य, पण मग निदान कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवायचं ना. आणि रिपोर्ट! शेवटच्या आठवड्यात सांगितलं की प्रॉडक्टचं नाव नको, आकडे नकोत, सगळीकडे 'कंपाउंड ए' लिहा. कॉलेजला मात्र डेटा हवा होता, तीन रात्री जागून परत लिहिलं. तुम्ही जाणार असाल तर रिपोर्टमध्ये काय लिहिता येईल हे पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

पुढच्या उन्हाळ्यासाठी मी परत अर्ज केलाय, यावेळी प्रोसेस डेव्हलपमेंटला, कारण ज्या रिॲक्टरमधून ती पावडर आली तो दोन महिन्यांत मी फक्त एकदा जवळून पाहिला.