‘टेलिफोनी हार्डवेअर कॉन्फिगर करत आहे’ या ओळीवर अडकलेले तीन दिवस

इंदूरला रामबागेत आमच्या ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. फिजिओथेरपी रोज, दातांचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी. फोनच्या दोन लँडलाइन, आत दोन एक्स्टेंशन: एक रिसेप्शनला, एक फिजिओच्या खोलीत. देवास, महूकडून येणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींकडे हाच नंबर आहे. ‘डॉक्टर आहेत का’ विचारल्याशिवाय ती बसमध्ये बसत नाहीत. पावसाळ्यात वीज पडली आणि जुना ईपीएबीएक्स (आतले फोन बाहेरच्या लाइनींना जोडणारा एक्सचेंजचा डबा) जळाला, तेव्हा मी ट्रस्टींना अॅस्टरिस्क सुचवलं, म्हणजे साध्या कॉम्प्युटरलाच फोन एक्सचेंज बनवणारं सॉफ्टवेअर. मार्क स्पेन्सर यांनी 1999 मध्ये स्वतःच्या छोट्या कंपनीला फोनची यंत्रणा विकत घेणं परवडेना म्हणून जे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, ते आमच्यासारख्यांच्याच कामाचं.

अॅस्टरिस्क फुकट आहे. मी घेतला तो एका छोट्या कंपनीचा डेबियन लिनक्सवर चालणारा तयार संच: अॅस्टरिस्क, फोनच्या तारा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या कार्डाचे ड्रायव्हर आणि वरून एक वेब पॅनेल, सगळं एका पॅकेजमध्ये, वर्षभराच्या सपोर्टसह. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्यांना कळवली आहे आणि दुरुस्ती त्यांच्याकडे चालू आहे. कार्ड चार पोर्टांचं, पीसीआयचं, जुनं. त्यावर दोन लाल मॉड्यूल बाहेरच्या लाइनींसाठी आणि दोन हिरवी आतल्या फोनसाठी.

शनिवारी चार वाजता दवाखाना बंद झाल्यावर बसलो. ड्रायव्हर आपल्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) तिथल्या तिथे कंपाइल होतो. आमच्या जुन्या मशीनवर त्याला वीस मिनिटं लागली. मग निळ्या चौकटीत प्रश्न आले: देश कोणता, कुठल्या पोर्टवर काय. उत्तरं दिली, चौकट गेली, आणि पडद्यावर एकच ओळ उरली, ‘टेलिफोनी हार्डवेअर कॉन्फिगर करत आहे’. खाली कर्सर लुकलुकत होता.

अर्धा तास थांबलो. रिसेप्शनच्या ताई घरी जाण्याआधी डोकावल्या. “काका, अजून तिथेच?” तिथेच. शेवटी कंट्रोल-सी दाबून मशीन रीस्टार्ट केलं. पुढचं पॅकेज टाकायला गेलो, तर डीपीकेजी (डेबियनमध्ये पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) मध्येच थांबलं होतं, आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, असा निरोप. चालवलं. तीच ओळ, तोच कर्सर.

अशा वेळी माणूस संशय घेतो तो कार्डावर. ओळीतच हार्डवेअर लिहिलंय ना! हिरव्या मॉड्यूलला फोनची घंटी स्वतः वाजवावी लागते, त्यासाठी त्याला एसएमपीएसमधून (मशीनच्या पॉवर सप्लायमधून) चार पिनांच्या कनेक्टरने 12 व्होल्ट वेगळे द्यावे लागतात. तो कनेक्टर विसरलं की हिरवी मॉड्यूल चालत नाहीत, हे मला माहीत होतं. रविवारी कॅबिनेट उघडलं. कनेक्टर घट्ट होता. मल्टिमीटरने मोजलं, 12.1. कार्ड काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. ओळ हलली नाही. शोधाशोध केली, तर अर्धे उपाय झॅपटेल नावाखालचे निघाले. हाच ड्रायव्हर 2008 पर्यंत त्या नावाने होता, मग त्याचा डाहडी झाला. फायलींची नावंही बदलली, त्यामुळे जुन्या सूचना जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

सोमवारी सकाळी ताई स्वतःच्या मोबाइलवरून जेवढे नंबर वहीत होते तेवढ्या पेशंटना कळवत होत्या. बाकीच्यांना कसं कळणार? दुपारी कार्ड पिशवीत घालून सिल्व्हर मॉलला गेलो. दुकानदाराने आपल्या मशीनमध्ये लावून बघितलं. “भिया, कार्ड तो एकदम बढ़िया है.” एक पैसा घेतला नाही त्याने.

परत आल्यावर कार्ड बसवलं, पुन्हा तीच कमांड, पुन्हा तीच ओळ. एक्स्टेंशनची वायर बघायला मशीनच्या मागे वाकलो, तर चारही पोर्टांचे दिवे लागलेले. ड्रायव्हर चढल्याशिवाय ते लागत नाहीत. म्हणजे समोरचा पडदा ज्या कामात अडकलोय म्हणत होता, ते काम होऊन गेलं होतं.

ऑल्ट-एफ-2 दाबून दुसरी कन्सोल उघडली आणि पीएस लावून प्रोसेसची यादी काढली. पॅकेजची शेवटची स्क्रिप्ट ‘डिफंक्ट’ दिसत होती, म्हणजे केव्हाच संपलेली. तिने सुरू केलेला अॅस्टरिस्क मात्र मजेत चालू होता. तेव्हा उलगडा झाला. निळ्या चौकटीतले प्रश्न विचारतो तो डेबकॉन्फ. तो स्क्रिप्टशी एका पाइपमधून बोलतो आणि पाइप बंद होण्याची वाट बघतो. या संचाची स्क्रिप्ट अॅस्टरिस्क सिस्टिमडीकडे (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे) न सोपवता स्वतःच बंद करून नव्याने सुरू करते. त्यामुळे त्या पाइपचं टोक अॅस्टरिस्कच्या हातात राहतं. अॅस्टरिस्क तर रात्रंदिवस चालणारा प्रोग्रॅम. तो पाइप सोडत नाही, आणि डेबकॉन्फ बसून राहतो.

दुसऱ्या कन्सोलवरून अॅस्टरिस्क बंद केला. पहिल्या कन्सोलवर सेकंदाच्या आत उरलेल्या ओळी धडाधड उतरल्या आणि प्रॉम्प्ट आला. नंतर अॅस्टरिस्क नीट सर्व्हिस म्हणून सुरू केला. स्क्रिप्टमध्ये तो सुरू करण्याच्या आधी ‘डीबी_स्टॉप’ ही डेबकॉन्फला ‘तुझं काम संपलं’ सांगणारी एक ओळ घातली की हा प्रकार होत नाही. मी घालून पुन्हा कॉन्फिगर करून बघितलं, न अडकता पूर्ण झालं. कंपनीला ती ओळ आणि तिची जागा लिहून पाठवली. तीन दिवसांनी उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत घेतो म्हणून.

इन्स्टॉल होईपर्यंत मी या संचाला शून्य दिलं असतं. त्यानंतरचं काम मात्र खरोखर चांगलं आहे. पोर्ट त्याने बरोबर ओळखले. लाल पोर्ट स्वतः एफएक्सओ (बाहेरच्या लाइनीचा), पण त्याला सिग्नलिंग एफएक्सएस, आणि हिरवा एफएक्सएस (आतल्या फोनचा), त्याला सिग्नलिंग एफएक्सओ, असा उलटा मामला असतो, नवखे हमखास इथे चुकतात. हे जिथे लिहायचं असतं ती फाइल मला उघडावीही लागली नाही. देश भारत निवडला की सूर सगळीकडे आपले लागतात. हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे रिंग जोडीने वाजते, ट्रिंग-ट्रिंग आणि मग दोन सेकंद शांतता. अमेरिकन सेटिंगवर दोन सेकंदांचा एक लांब सूर येतो आणि पुढे चार सेकंद काहीच नाही. आमच्या सत्तरीतल्या पेशंटना तो ऐकून लाइन खराब आहे असं वाटलं असतं आणि त्यांनी फोन ठेवला असता. वेब पॅनेल साधं आहे. ताईंनी मराठी आणि हिंदीतला निरोप स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून एका दुपारी चढवला, मला विचारलंही नाही.

माझी तक्रार एवढीच, पण ती मोठी आहे: पडद्यावर ‘हार्डवेअर’ लिहिलं होतं, म्हणून मी रविवारभर एक चांगलं कार्ड घासत बसलो. त्या ठिकाणी ‘अॅस्टरिस्क सुरू करत आहे’ असं आलं असतं, तरी मी शनिवारी रात्रीच योग्य जागी बघितलं असतं.

पाचपैकी तीन तारे. सध्याची आवृत्ती घेणार असाल तर त्या ओळीवर अडकल्यावर रीस्टार्ट करू नका, कार्डही काढू नका. मागचे दिवे बघा, दुसरी कन्सोल उघडा, अॅस्टरिस्क बंद करा. ट्रस्टचं दुसरं केंद्र सुदामा नगरला सुरू होतंय, तिथे एकच लाइन आहे. नव्या आवृत्तीत ती ओळ आली, तर तिथेही हाच संच बसवणार आहे.