एका ‘एन’ अक्षरापायी: जुन्या डेस्कटॉपवर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन, आठ महिन्यांनंतर

दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी प्रॅक्टिकल चालू असताना सहा मुलांची इन्स्टॉलेशन्स एकदमच रखडली. पट्टी ६४ टक्क्यांवर आली ती पंधरा मिनिटं तिथेच. एक मुलगी तर रडवेली झाली, तिला वाटलं आपलंच काही चुकलं. चूक तिची नव्हती, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

नाशिकच्या सिडकोत माझा लिनक्स आणि सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशनचा छोटा क्लास आहे. मुलं अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली पहिली पाळी उरकून संध्याकाळी येतात. प्रत्येकाने स्वतःचा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) उभा करायचा, त्यात व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बनवायची, मोडायची, परत बनवायची, असा माझा हट्ट. प्रत्येकाला वेगळं मशीन देणं परवडत नाही, म्हणून नेस्टेड, म्हणजे व्हीएमच्या आत व्हीएम. ऑगस्टमध्ये एमजी रोडकडच्या एका दुकानातून तीन रिफर्बिश्ड डेस्कटॉप आणले. आय-फाइव्ह ३४७०, १६ जीबी रॅम, नगाला साडेसात हजार. 

पहिले दोन महिने मी खूश होते. साध्या व्हीएम या मशीनवर आजही छान चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. दिवाळीनंतर नेस्टेडचा भाग सुरू झाला आणि रडगाणं सुरू झालं. होस्टवरची (म्हणजे थेट खऱ्या मशीनवरची) साधी डेबियन लिनक्सची व्हीएम ३५ सेकंदांत लॉगिनला यायची, तीच इमेज व्हीएमच्या आतल्या व्हीएममध्ये पावणेदोन मिनिटं घ्यायची. मी डिस्कला दोष दिला आणि तीन एसएसडी घेतले, ५,४०० रुपये गेले. फरक जेमतेम. हे पैसे मला अजून टोचतात, कारण खर्च करण्याआधी मोजायला हवं होतं आणि मोजण्याचं साधन फुकट होतं.

जानेवारीत एकदा मुलं गेल्यावर, रात्री साडेदहाला, एकच आतली व्हीएम चालू ठेवली. आत काही नाही, नुसता लॉगिन प्रॉम्प्ट. खाली होस्टवर ‘पर्फ केव्हीएम स्टॅट’ लावलं; केव्हीएम हा लिनक्सचा हायपरवायझर, आणि व्हीएम थांबवून त्याला मध्ये का पडावं लागतं (याला एक्झिट म्हणतात) ती कारणं ही कमांड मोजते. निवांत मशीनच्या यादीत सगळ्यात वर ‘एचएलटी’, म्हणजे काम नाही म्हणून थांबणं, दिसेल अशी माझी अपेक्षा होती. दिसलं ते असं: पहिल्या ओळीत व्हीएमरीड (व्हीएमची नोंद वाचणं), दुसऱ्या ओळीत व्हीएमराइट (ती लिहिणं), तिसऱ्या ओळीत व्हीएमरिझ्यूम (व्हीएम परत चालू करणं). एचएलटी पार खाली. म्हणजे मशीन काम करण्यापेक्षा रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या हाताशीच्या छोट्या जागा) उचलण्या-ठेवण्यातच दमत होतं.

क्लासमध्ये हे मी घरमालक, भाडेकरू आणि पोटभाडेकरू असं शिकवते. होस्ट हा घरमालक, मुलांचा हायपरवायझर भाडेकरू, त्याच्या आतली व्हीएम पोटभाडेकरू. प्रोसेसर ओळखतो फक्त घरमालकाला. पोटभाडेकरूचा नळ गळला तरी प्रोसेसर आधी घरमालकाचं दार वाजवतो. घरमालक म्हणतो, हे माझं काम नाही, भाडेकरूला सांगा. लगेच पोटभाडेकरूचा संसार बाहेर काढायचा आणि भाडेकरूचा आत मांडायचा. इंटेलवर आरएसपी, आरआयपी (पुढची इन्स्ट्रक्शन कुठली ते सांगणारं), कंट्रोल आणि सेगमेंट रजिस्टरं व्हीएमसीएसमधून, म्हणजे व्हीएमच्या नोंदींच्या कागदातून, हार्डवेअर बदलतं, पण उरलेली १५ जनरल रजिस्टरं सॉफ्टवेअरलाच एकेक करून ठेवावी आणि आणावी लागतात. एवढं करून भाडेकरू जागा होतो आणि पहिली गोष्ट काय करतो, तर ‘एक्झिट का झाला’ हे व्हीएमसीएसमधून वाचतो. ते वाचणं म्हणजे पुन्हा घरमालकाचं दार. इन्स्ट्रक्शनची लांबी वाचायची, पुन्हा दार. आरआयपी पुढे सरकवायचा, पुन्हा दार. शेवटी व्हीएमरिझ्यूम, तेही दारच, आणि त्या वेळी घरमालकाने भाडेकरूचा कागद आपल्या कागदात मिसळून नवा कागद बनवायचा. वरच्या एका एक्झिटचे खाली डझनावारी होतात. आयबीएमच्या हैफा येथील संशोधकांनी २०१० मध्ये केव्हीएमवर इंटेलसाठी नेस्टेड करून दाखवलं, तेव्हाही त्यांची मुख्य झुंज याच गुणाकाराशी होती.

यावर इलाज आहे आणि तो जुना आहे. इंटेलने २०१३ च्या हॅसवेल पिढीत व्हीएमसीएस शॅडोइंग आणलं. भाडेकरूच्या खोलीतच कागदाची एक प्रत ठेवली जाते, बहुतेक वाचन-लेखन तिथल्या तिथे होतं आणि दार वाजत नाही. माझा ३४७० हा २०१२ चा. केव्हीएम-इंटेल मॉड्यूलच्या पॅरामीटरांच्या फोल्डरात ‘एनेबल शॅडो व्हीएमसीएस’ नावाची फाइल असते, ती उघडली. आत एकच अक्षर: एन, म्हणजे ‘नो’. शेजारच्या ‘नेस्टेड’ फाइलमध्ये वाय, आणि मी आठवडेच्या आठवडे त्या वायवर विसंबून होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. घेताना मी ‘व्हीएमच्या आत व्हीएम चालवायची आहे’ असं स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यांनी ‘सगळं चालतं, ताई’ म्हटलं होतं. आता म्हणाले, “बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन एनेबल दिसतंय ना? मग झालं की.” मी म्हटलं, “दादा, चालतं आणि कामाला येतं यात फरक आहे.” बिलावर बोट ठेवून सांगितलं की वॉरंटी फक्त हार्डवेअर बिघडलं तर. बदलून देतो म्हणाले, नगाला चार हजार धरून. पाच महिन्यांत निम्मी किंमत! मी मशिनी परत आणल्या. शॅडोइंगचं नाव घेऊन मी विचारलं नव्हतं हे खरं, पण जे माहीत नाही त्याची हमी दुकानदाराने द्यायला नको होती.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं: हा प्रोसेसर नेस्टेडसाठी टाकाऊ. फेब्रुवारीत ते थोडं बदलावं लागलं.

मुलांच्या आतल्या व्हीएम तपासल्या. व्हर्ट-मॅनेजरमध्ये (व्हीएम बनवायच्या प्रोग्रॅममध्ये) ओएस ‘जेनेरिक’ निवडल्यामुळे कुणाकडे ई-१००० नेटवर्क कार्ड, कुणाकडे साटा डिस्क. ही दोन्ही उपकरणं क्यूईमू (केव्हीएमच्या जोडीचा प्रोग्रॅम) सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करून चालवतं, म्हणजे प्रत्येक हालचालीला भाडेकरूच्या कर्नलमधूनही बाहेर पडून त्याच्या यूजरस्पेसपर्यंत, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमपर्यंत, जायचं. केव्हीएम एरवी हुशारीने वागतं. सिसकॉलचे एमएसआर (प्रोसेसरची खास रजिस्टरं) दर एक्झिटला परत फिरवत नाही, यूजरस्पेसला जायची वेळ आली तरच फिरवतं, एफपीयूचंही (दशांश गणिताच्या भागाचंही) तसंच. ई-१००० असलं की ती सगळी बचत पाण्यात. एका मुलाच्या व्हीएमचा क्लॉकसोर्स (वेळ कुठल्या घड्याळातून घ्यायची ते) एसीपीआय-पीएमवर अडकला होता, तिथे नुसती वेळ विचारायलाही एक्झिट. सगळीकडे व्हर्टिओ, म्हणजे खास व्हीएमसाठी बनवलेली उपकरणं, केलं, घड्याळ केव्हीएम-क्लॉकवर आणलं, होस्ट आणि मधली व्हीएम डेबियन १० वरून १२ वर नेली. २०१९ मध्ये केव्हीएममध्ये अशी सुधारणा आली की क्वचित लागणारी रजिस्टरं दर वेळी दोन व्हीएमसीएसमध्ये उतरवून काढायची नाहीत, कुणी मागितली तरच. पावणेदोन मिनिटांचे ५५ सेकंद झाले. एक रुपया न खर्चता. दुकानात भांडायच्या आधी हे केलं असतं तर आवाज इतका चढला नसता.

मिटिगेशन्स, म्हणजे प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवरचे बचाव, बंद करायचा मोह मलाही झाला. २०१८ च्या एलवनटीएफ या त्रुटीच्या प्रकरणानंतर अशा जुन्या इंटेलवर घरमालकाला भाडेकरू आणि पोटभाडेकरू यांच्यातल्या प्रत्येक फेरीत एल-वन डेटा कॅशे पुसावी लागते, आणि तो भार दिसतो. पण या मशीनवर सहा जणांचा कोड चालतो, इंटरनेटवरून आणलेल्या इमेजेस चालतात. मी बंद केलं नाही आणि तुम्हीही करू नका. एका मुलाने विचारलं, “मॅडम, रास्पबेरी पाय ५ घेऊ का, स्वस्त पडेल?” नको. त्या छोट्या कॉम्प्युटरमधला कॉर्टेक्स-ए७६ प्रोसेसर हा एआरएम ८.२ चा, नेस्टेडची सोय ८.३ पासून, आणि सिस्टिम रजिस्टरांचं वाचन-लेखन ट्रॅप न करता, म्हणजे दार न वाजवता, मेमरीतल्या पानाकडे वळवायची खरी उपयोगी सोय ८.४ मध्ये आली.

मग तो शनिवार. परीक्षेत व्हीएम मुलांनी स्वतः बनवल्या, घाईत पुन्हा जेनेरिक, आणि सगळ्यांची इन्स्टॉलेशन्स एकदम. एकट्यादुकट्याला ५५ सेकंद चालून जातात, सहा जणांत त्या ‘एन’ने परत मान वर काढली.

रविवारी इंदिरानगरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याचा रायझन ५ ३४००जी प्रोसेसरचा कॉम्प्युटर वापरून बघायला दिला. रायझन एएमडीचा, आणि एएमडीचा व्हीएमसीबी (व्हीएमसीएसच्या जागचा कागद) ही साधी मेमरी आहे, भाडेकरू त्यात हवं ते वाचतो, लिहितो, दार वाजतच नाही. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या एलएससीपीयूच्या यादीत ‘व्ही-व्हीएमसेव्ह-व्हीएमलोड’ हा फ्लॅग दिसला की एफएस, जीएस, एलस्टार वगैरे रजिस्टरांची ने-आणसुद्धा भाडेकरू ट्रॅपशिवाय करतो. उरतं ते मुख्यतः व्हीएमरन, म्हणजे व्हीएम चालू करणं. तीच इमेज, तीच सेटिंगं, ४० सेकंद. मुद्दाम ई-१००० लावून सहा व्हीएम एकदम इन्स्टॉल केल्या. हळू, पण एकही अडकली नाही. त्या मुलीला बोलावून तिचं प्रॅक्टिकल पुन्हा घेतलं, तिने वेळेच्या आधी संपवलं.

पुढचं स्वप्न वेगळं आहे. २०१९ च्या आयएससीए या संगणक-रचनेवरच्या परिषदेत असा प्रस्ताव मांडला गेला की एसएमटीच्या (एकाच कोअरमध्ये अनेक थ्रेड चालवायच्या सोयीच्या) वेगवेगळ्या थ्रेडमध्ये एकेका पातळीची रजिस्टरं तशीच राहू द्यायची आणि प्रोसेसरने फक्त थ्रेड बदलायचा. सामान उचलणंच नाही! त्यासाठी प्रोसेसरच बदलावा लागतो, त्यामुळे माझ्या बजेटपासून ते लांब आहे, पण वाचून फार बरं वाटलं.

विद्यार्थी १८,००० मागतोय, मी घेतेय. जूनच्या बॅचला नेस्टेड त्यावर, दोन आय-फाइव्ह डीएनएस आणि मेल सर्व्हरच्या धड्यांना. तिसरा एसएसडीसकट सहा हजारांना विकायचा आहे. जो घ्यायला येईल त्याच्यासमोर आधी ती फाइल उघडणार, ‘एन’ दाखवणार, मग पैशांचं बोलणार.